जळत्या घरात राहायला जाताना: चार्ली कॉफमन बघायला सुरुवात कशी करायची

एक बाई घर बघायला येते. घराला आग लागलेली आहे. कोपऱ्यातून ज्वाळा निघताहेत, खोलीत धूर साचलाय, आणि घर विकणारी एजंट निवांतपणे एकेक खोली दाखवतेय. बाईला घर आवडतं. काळजी एकच, या आगीत आपण मरणार तर नाही ना? एजंट म्हणते, कसं मरायचं हा निर्णय मोठाच असतो. बाई घर घेते. पुढं वर्षानुवर्षं त्याच घरात राहते, लग्न करते, मुलं होतात, आग जळतच असते. शेवटी तिला मरण येतं ते त्या घरातल्या धुरानंच.

'सिनेक्डकी, न्यू यॉर्क' या चित्रपटातला हा भाग मी एकदा त्र्यंबकच्या एका मावशींना सांगितला. मावशी वारकरी घरातल्या, निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला जाऊन आलेल्या. मी विचारलं, "याचा अर्थ काय लावायचा?" मावशी म्हणाल्या, "अरे, 'काट्याच्या अणीवर वसले तीन गाव' लहानपणापासून ऐकतोस. काट्याच्या टोकावर गाव मावलं कसं, हे कधी विचारलंस का? मग हिच्या घराला आग का, हे कशाला विचारतोस?"

तीन गावं, त्यातली दोन ओसाड, तिसरं वसलेलंच नाही. जे वसलंच नाही तिथं तीन कुंभार आले. दोघे थोटे आणि तिसऱ्याला घडवताच येत नाही. ज्ञानोबांच्या नावावरचा हा अभंग टाळमृदंगाच्या गजरात म्हणणारी माणसं आपल्या आजूबाजूला आहेत. त्यामुळं कॉफमनचे चित्रपट मराठी माणसाला 'झेपणार नाहीत' असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. झेपतात. फक्त क्रम चुकला की माणूस पहिल्याच घासाला उठून जातो. नाशकात आम्ही सात-आठ जण गेली काही वर्षं पंधरवड्याला एक चित्रपट एकत्र बघतो. इंदिरानगरात एकाच्या हॉलमध्ये, पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून. तिथं येणारं प्रत्येक नवं माणूस मला एकच विचारतं, कुठून सुरू करू? त्याचं हे सविस्तर उत्तर.

कोण हा माणूस

थोडक्यात सांगतो. चार्ली कॉफमनचा जन्म 1958 चा, न्यू यॉर्कचा. नव्वदच्या दशकात तो अमेरिकन टीव्हीवरच्या विनोदी मालिकांसाठी लिहायचा. 1999 मध्ये 'बीइंग जॉन माल्कोविच' आला आणि चित्रपट कुणी दिग्दर्शित केला याच्याआधी 'हा लिहिला कुणी' असं लोक विचारू लागले. पटकथाकाराच्या वाट्याला हे फार क्वचित येतं. सुरुवातीला लेखन त्याचं आणि दिग्दर्शन दुसऱ्यांचं, मुख्यतः स्पाइक जोन्झ आणि मिशेल गोंद्री यांचं. 2008 पासून तो स्वतःही दिग्दर्शन करू लागला.

समीक्षक त्याच्या कामाला 'अतिवास्तववादी' म्हणतात, म्हणजे स्वप्नासारखं, तर्कात न बसणारं. शब्द चूक नाही, पण नवख्याला त्यानं उगाच धडकी भरते.

पायरी 1: 'जणू' शोधायला शिका

चित्रपट लावायच्या आधीची ही पायरी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. शाळेत उपमा आणि उत्प्रेक्षा अलंकार शिकलेले आठवा. सारखा, गत, परी, हे शब्द दिसले की उपमा, आणि 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा. आपण रोज अशा 'जणू'तूनच बोलतो. 'ऑफिसात जणू मान वर करायला जागा नाही.' 'तिनं मला जणू मनातून पुसूनच टाकलं.' 'जणू आगीतच राहतोय मी.'

कॉफमन यातला 'जणू' काढून टाकतो, बाकी काही करत नाही. ऑफिसात मान वर करायला जागा नाही? मग छतच चार-साडेचार फुटांवर. तिनं मनातून पुसलं? मग तसं पुसून देणारा दवाखानाच, फी भरून, अर्ज भरून. एकदा 'जणू' काढला की उरलेलं सगळं तो कारकुनाच्या शिस्तीनं मांडतो. नियम काय, वेळ किती, दर किती, गैरसोय कोणती. त्याच्या गोष्टीत अशक्य ते एकच असतं, बाकी सगळं तुमच्या-आमच्या घरातलं.

म्हणून बघताना काही विचित्र दिसलं की 'याचा अर्थ काय' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि त्या दृश्यात मनातल्या मनात 'जणू' परत घालून बघा. दहापैकी आठ वेळा गाठ सुटते. उरलेल्या दोन वेळा सुटत नाही, ती तशीच राहू द्या. मी 'सिनेक्डकी' चार वेळा बघितलाय आणि त्यातल्या काही गाठी माझ्याच्यानं अजून सुटलेल्या नाहीत.

पायरी 2: बसायची तयारी

फोनवर बघू नका. भिंत, टीव्ही, लॅपटॉप, काहीही चालेल, पण फोन नको. या चित्रपटांत महत्त्वाच्या गोष्टी मागं भिंतीवर, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, स्वेटरच्या रंगात असतात, आणि फोनवर त्या दिसत नाहीत.

सबटायटल्स लावा. इंग्रजी चांगलं येत असलं तरी लावा, कारण पात्रं पुटपुटतात आणि एकमेकांचं बोलणं तोडतात. आमच्यात दोघं-तिघं असे आहेत ज्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो. त्यांच्यासाठी आम्ही पहिली दहा मिनिटं बघून थांबतो आणि कोण कुणाचं कोण, तेवढं मराठीत सांगून घेतो. पुढची गोष्ट सांगत नाही. दहा मिनिटांनंतर मात्र थांबवायचं नाही, चहासाठीसुद्धा नाही. चहा आधी किंवा नंतर.

'शेवट उलगडून सांगितला' असे व्हिडिओ आणि लेख आधी वाचू नका. नंतरही लगेच नको, एक रात्र मध्ये जाऊ द्या.

आणि घरच्यांसोबत बसणार असाल तर आधीच सांगतो, हे सगळे मोठ्यांचे चित्रपट आहेत. शिव्या आहेत, शरीरसंबंध आहेत. मुलांसोबत बघायचंच असेल तर 2024 चा 'ओरायन अँड द डार्क' हा अ‍ॅनिमेशनपट आहे, त्याची पटकथा कॉफमनचीच आहे. अंधाराला भिणारा मुलगा आणि स्वतः अंधार, यांच्यातली ती गोष्ट आहे. माझ्या भाचीनं तो दोनदा बघितला.

पायरी 3: पहिला चित्रपट, 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड' (2004)

इथूनच सुरुवात करा. माल्कोविच आधी आला म्हणून आधी बघायचा, हा हिशोब नको. 'इटर्नल सनशाइन'मध्ये धरून ठेवायला एक साधी दोरी आहे, ती म्हणजे दोन माणसांचं प्रेम आणि त्याचं बिनसणं. ती हातात असली की बाकी सगळं हललं तरी माणूस पडत नाही.

जोएल आणि क्लेमेंटाइन. भांडण होतं, आणि ती एका दवाखान्यात जाऊन याच्या सगळ्या आठवणी मेंदूतून पुसून घेते. ते कळल्यावर तोही जातो. रात्री तो झोपलेला असताना तंत्रज्ञ घरी येऊन आठवणी पुसतात, ताज्या आधी आणि जुन्या नंतर. त्यामुळं शेवटची कडू भांडणं आधी जातात आणि जसजसं मागं जावं तसतशी ती आवडत होती तेव्हाची वेळ लागते. मग तो झोपेतच ठरवतो, हिला लपवायचं.

नवख्यांचा गोंधळ वेळेमुळं होतो. कधीचं आधी, कधीचं नंतर? त्यासाठी क्लेमेंटाइनचे केस बघा. पहिल्या भेटीत हिरवे, मग लाल, मग नारिंगी, आणि सगळं बिनसल्यानंतर निळे. एवढं लक्षात ठेवलंत तर चित्रपटाची जत्रेतली चुकामूक होत नाही. आणखी एक, श्रेयनामावली सुरुवातीला येत नाही, साधारण सतरा मिनिटांनी येते. तोवर जे बघितलं ते कधीचं होतं, हे शेवटाकडं जाताना कळतं.

एक दृश्य अगदी जवळून बघा. दोघं पुस्तकांच्या दुकानात बोलताहेत. ती बोलतेय, तो ऐकतोय, आणि मागच्या कपाटांतल्या पुस्तकांवरची नावं हळूहळू पांढरी होत जातात. कुणी त्याबद्दल काही बोलत नाही, संगीतही इशारा देत नाही. आमच्यातल्या एका ताईंनी ते पहिल्यांदा बघितलं आणि हॉलमध्ये सगळे गप्प असताना म्हणाल्या, "आमच्या आईचं असंच झालं." त्यांच्या आईंना शेवटची तीन वर्षं विस्मरणाचा आजार होता. माणसं ओळखू यायची, नावं कोरी. त्या दिवशी आम्ही चित्रपटावर चर्चा केलीच नाही, ताई आईबद्दल बोलत राहिल्या आणि आम्ही ऐकत बसलो.

गोंद्रीनं यातल्या पुष्कळ करामती संगणकाशिवाय, कॅमेऱ्यासमोरच केल्या. जोएल लहान होऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसतो, तिथं माणसं लहान-मोठी दिसतात ती सेटची मापं आणि कॅमेऱ्याचा कोन यांच्या जोरावर. हे कळल्यावर आम्हा नाशिककरांना फाळक्यांची आठवण येणारच. त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेले दादासाहेब चित्रपटाकडं वळण्याआधी जादूचे प्रयोग करायचे, आपलं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावानं.

या चित्रपटाच्या मूळ पटकथेला ऑस्कर मिळालं. कॉफमन, गोंद्री आणि पियेर बिस्मुथ यांना मिळून.

पायरी 4: 'बीइंग जॉन माल्कोविच' (1999)

पंधरा दिवसांनी हा. पुरेसं काम मिळत नसलेला कळसूत्री बाहुल्यांचा कलावंत एका कचेरीत फायली लावायच्या नोकरीला लागतो. कचेरी आहे साडेसातव्या मजल्यावर. सातवा आणि आठवा यांच्यामध्ये लिफ्ट थांबवायची आणि पहारीनं दार उघडायचं. छत इतकं खाली की सगळे वाकून चालतात. इथं थांबून नीट बघा, तक्रार कुणीच करत नाही. वाकून चालता चालता लोक फायली नेतात, गप्पा मारतात.

जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या आसपास जे वाडे अजून उभे आहेत, त्यांच्या दारातून आत जाताना तिथं राहणाऱ्यांची मान आपोआप खाली जाते. त्यांना विचारा, दार बुटकं आहे का? त्यांना विचार करावा लागतो. डोकं आपटतं ते पाहुण्याचं. कॉफमनच्या चित्रपटात प्रेक्षक हा पाहुणा असतो. एक-दोनदा डोकं आपटेल, मग मान आपोआप खाली जाईल.

त्या कचेरीत कपाटामागं एक छोटं दार सापडतं. आत सरपटत गेलं की माणूस जॉन माल्कोविच या खऱ्याखुऱ्या नटाच्या डोक्यात शिरतो. पंधरा मिनिटं त्याच्या डोळ्यांनी बघायचं, नंतर न्यू जर्सीतल्या एका महामार्गाच्या कडेला धप्पकन पडायचं. (आम्ही लगेच ठरवून टाकलं की आपल्याकडं असतं तर मुंबई-आग्रा महामार्गावर, विल्होळीच्या पुढं.) मग यातून धंदा सुरू होतो, माणशी 200 डॉलर, आणि दारासमोर रांग. मी वर म्हटलं तो कारकुनी काटेकोरपणा इथं शिगेला पोचलाय. पंधरा मिनिटं, 200 डॉलर, महामार्गाची कड. कल्पना हवेतली असली तरी हिशोब चोख आहे.

आता 'जणू' परत घाला. 'दुसऱ्याच्या जागी असतो तर जणू मीही कुणीतरी असतो.' दुसऱ्यांच्या स्टेटसवरचे फोटो बघत बसणाऱ्या आपल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

हा चित्रपट हसवतो. मोकळेपणानं हसा. मात्र शेवटचं दृश्य लागलं की हसू थांबतं, तिथं उठायची घाई करू नका.

पायरी 5: 'अ‍ॅडॅप्टेशन' (2002), आणि एक धोक्याची सूचना

ज्यांना लिहायचंय त्यांच्यासाठी हा सगळ्यात जवळचा. हकिगत अशी की कॉफमनला खरोखरच सुझन ऑर्लीन यांच्या ऑर्किड फुलांवरच्या पुस्तकाची पटकथा करायचं काम मिळालं होतं. पुस्तक सुंदर, पण त्यात 'गोष्ट' म्हणावी असं काही नव्हतं. त्याला जमेना. शेवटी त्यानं न जमणं हेच लिहिलं. चार्ली कॉफमन नावाचा घामेजलेला, स्वतःवर नाराज लेखक ऑर्किडवरच्या पुस्तकाची पटकथा लिहू पाहतोय आणि त्याला जमत नाहीये, ही झाली चित्रपटाची गोष्ट. शिवाय त्यानं स्वतःला एक जुळा भाऊ दिला, डोनाल्ड. हाही पटकथाकार व्हायला निघालेला, पण धडाधड मसाला लिहिणारा. दोन्ही भूमिका निकोलस केज करतो. पटकथा-लेखनात डोनाल्ड कॉफमनचं नाव अधिकृतपणे आहे आणि ऑस्करच्या नामांकनातही होतं. प्रत्यक्षात असा माणूसच नाही.

धोक्याची सूचना अशी. सुरुवातीला चार्ली एका जेवणाच्या टेबलावर ठणकावून सांगतो की या चित्रपटात बंदुका नसतील, गाड्यांचे पाठलाग नसतील, माणसांना शेवटी शहाणपण येणार नाही. शेवटच्या अर्ध्या तासात हे सगळं येतं. आमच्याकडं पहिल्यांदा बघताना एक जण इथं चिडला, "एवढं छान चाललं होतं, शेवटी हिंदी सिनेमा केला." रागावण्याआधी एक प्रश्न विचारा, हा भाग कुणी लिहिला असावा, चार्लीनं की डोनाल्डनं? मग तो अर्धा तास पुन्हा बघा.

पायरी 6: 'अ‍ॅनोमलिसा' (2015), कान उघडे ठेवून

हा बाहुल्यांचा चित्रपट. एकेक फ्रेम हलवून टिपलेला, नव्वद मिनिटांचा. ड्यूक जॉन्सन सहदिग्दर्शक. यासाठी 2012 मध्ये लोकवर्गणी काढली होती आणि चार लाख डॉलरच्या वर पैसे जमले. आधी याचं नाटक होतं, तेही नट मंचावर बसून नुसतं वाचतात असं, कानांसाठीचं. ही माहिती मुद्दाम देतोय. बघताना चित्रापेक्षा आवाजांकडं लक्ष द्या. काय ऐकू येतं ते सांगणार नाही, तुमचं तुम्हाला कळू दे. आमच्यातल्या कुणाला दहा मिनिटांत कळलं, कुणाला चाळीस लागली.

हॉटेलचं नाव 'फ्रेगोली' आहे. चित्रपट संपल्यावर हा शब्द शोधा, आधी नको.

बाहुल्यांच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या रेषेत सांधा दिसतो. तो पुसता आला असता, त्यांनी मुद्दाम ठेवला. फाळक्यांनीही आगकाड्या एकेक हलवून 'आगकाड्यांची मौज' केली होती. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिकडून जाताना मला आता या दोन गोष्टी एकत्रच आठवतात. निर्जीव वस्तू एक केसभर सरकवायची, चित्र घ्यायचं, परत सरकवायची. इतका धीर धरणारं माणूस त्या वस्तूला निर्जीव मानत असेल, असं मला वाटत नाही.

पायरी 7: 'सिनेक्डकी, न्यू यॉर्क' (2008)

आता इथं सावकाश.

मी हाच चित्रपट सगळ्यात आधी दाखवला होता. आमच्या गटाची दुसरी की तिसरी बैठक, जुलैची पावसाळी रात्र, नऊ जण आले होते. माझा सगळ्यात आवडता, म्हणून उत्साहानं लावला. तासाभरानं एक जण उठला, मग दोघं, आणि दिवे लावले तेव्हा आम्ही तिघंच होतो. त्यातला एक मित्र सातपूरच्या कारखान्यातली पाळी संपवून थेट आलेला, तो भिंतीकडं बघत बसून राहिला होता. गेलेल्यांपैकी चार जण पुन्हा कधी आले नाहीत. चित्रपटात खोट नव्हती आणि त्यांच्यातही नव्हती. पायऱ्या न चढवता मी त्यांना थेट गच्चीच्या कठड्यावर नेऊन उभं केलं होतं. हा लेख त्या रात्रीमुळं लिहितोय.

म्हणून हा सातवा. आणि रात्री नाही. रविवारी दुपारी, जेवण हलकं ठेवून, म्हणजे संपल्यावर बाहेर उजेड असतो आणि गोदाकाठी चालायला जाता येतं. आम्ही आता तसंच करतो.

आधी नाव. 'सिनेक्डकी' म्हणजे अंशावरून पूर्ण सांगणारा अलंकार. आपल्याकडं शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, त्याच्या जवळपास जाणारा. कथा सुरू होते ते गाव न्यू यॉर्क राज्यातलं स्केनेक्टडी, त्या नावाशीही हा उच्चाराचा खेळ आहे. नायक केडन कोटार्ड, नाटकांचा दिग्दर्शक, भूमिकेत फिलिप सेमूर हॉफमन. 'कोटार्ड' हेही एका मानसिक आजाराचं नाव, ज्यात माणसाला आपण मेलेलोच आहोत असं ठाम वाटत राहतं.

पहिली पाच मिनिटं डोळ्यांत तेल घालून बघा. घरात सकाळ आहे. नवरा, बायको, लहान मुलगी, न्याहारी, फोन, कटकट. एकच सकाळ वाटते. पण रेडिओवर सप्टेंबर आहे, वर्तमानपत्रावर ऑक्टोबर, पुढं नोव्हेंबर. एका न्याहारीत दोन महिने गेले आणि केडनला पत्ता नाही. 'जणू' परत घाला. 'कालच तर पोरगी शाळेत घातली, जणू एका सकाळीत दहावीला गेली.' हे वाक्य तुम्ही या महिन्यात कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असेल.

पुढं बायको मुलीला घेऊन बर्लिनला निघून जाते. ती चित्रकार, तिची चित्रं इतकी बारकी की भिंगातून बघावी लागतात. याला मोठी मानाची शिष्यवृत्ती मिळते, आणि हा एका प्रचंड गोदामात नाटक उभं करायला घेतो. विषय काय, तर खरं आयुष्य. सगळं. गोदामात न्यू यॉर्कचे रस्ते आणि इमारती उभ्या राहतात, खोल्यांत माणसं आपापलं जगतात. केडनची भूमिका करायला एक नट येतो, जो वीस वर्षं त्याच्या मागावर होता. मग त्या नटाची भूमिका करायला आणखी एक. गोदामात गोदाम, त्यात आणखी गोदाम. एकदा एक नट विचारतो, प्रेक्षक कधी येणार? सतरा वर्षं झाली.

इथं बाहेरच्या लोकांची गाडी अडते. नाशिककराची अडायला नको. 2015 च्या सिंहस्थात तपोवनात साधुग्राम उभं राहताना ज्यांनी बघितलं त्यांना ठाऊक आहे, मोकळ्या जागेवर बघता बघता रस्ते, नळ, दिव्यांचे खांब, आखाड्यांचे तंबू, सगळं गाव वसतं. आणि पर्व सरलं की तिथं पुन्हा मोकळं रान. केडनचं गाव असंच वसलंय, फक्त तो पर्व संपू देत नाही.

दुसरी किल्लीही याच गावातली. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' 1970 मध्ये रंगमंचावर आलं. अप्पासाहेब बेलवलकर बोलता बोलता स्वतःचं दुःख सोडून लिअरचं, सीझरचं बोलायला लागतात आणि भूमिका कुठं संपली, माणूस कुठं सुरू झाला हे कळत नाही. ते कळलं नाही म्हणून आपण कधी उठून गेलो नाही, उलट तिथंच हुंदका आला. केडनकडं तसंच बघा. फरक एवढाच की अप्पांच्या मागं मोठी नाटकं उभी आहेत आणि केडनचं मोठं नाटक कधी लागतच नाही.

नात्यांचा तक्ता काढायचा मोह आवरा. कोण नट कुणाची भूमिका करतोय हे तासाभरानंतर निसटतं, निसटू द्या. त्यापेक्षा एकाच माणसाला धरून चला. मी जळत्या घरातल्या हेझलला धरतो. ती पडद्यावर आली की मागं धूर आहे का, ते बघत राहतो.

हा चित्रपट व्यवसायात पडला. खर्च साधारण 2 कोटी डॉलर, कमाई 50 लाखांच्याही आत. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी मात्र तो त्या दशकातला सर्वोत्तम चित्रपट मानला. मला दोन्ही खरं वाटतं, दोन्ही प्रकारचे लोक मी एकाच रात्री एकाच हॉलमध्ये बघितलेत.

एक गोष्ट मनापासून सांगतो. चित्रपट मरणाविषयी आहे, आणि लपवून ठेवत नाही. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, किंवा स्वतःचंच मन ठिकाणावर नसेल, तर हा पुढं ढकला. चित्रपट कुठं पळून जात नाही.

पायरी 8: 'आय अ‍ॅम थिंकिंग ऑफ एंडिंग थिंग्ज' (2020)

इयान रीड यांच्या कादंबरीवरचा, नेटफ्लिक्सवर आलेला. एक तरुणी मित्राबरोबर बर्फातून गाडीनं त्याच्या आई-वडिलांना भेटायला चाललीय. मन ठिकाणावर नसेल तर पुढं ढकला, ही वरची सूचना इथंही लागू, जरा जास्तच. तिचं नाव, तिचं काम, तिच्या कपड्यांचा रंग यांच्यावर नजर ठेवा. ते बदलले की चूक तुमच्या डोळ्यांची नाही. याहून जास्त सांगत नाही. हा एकट्यानं बघितलेला बरा.

पायरी 9: ऐका, वाचा, मग लिहा

2011 मध्ये कॉफमननं लंडनमध्ये पटकथालेखनावर एक व्याख्यान दिलं, बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट-संस्थेसाठी. इंटरनेटवर ते मिळतं. तंत्र शिकवायला तो नकारच देतो. पटकथा म्हणजे जे आपल्याला माहीत नाही त्याचा शोध, अशा अर्थाचं काहीतरी सांगत तो तासभर स्वतःच्या भित्रेपणाबद्दल, खरेपणाबद्दल बोलतो. लिहिणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं. 'इटर्नल सनशाइन' आणि 'अ‍ॅडॅप्टेशन'च्या पटकथा पुस्तकरूपात निघालेल्या आहेत, त्या चित्रपटाशेजारी ठेवून वाचल्या की कळतं, सगळ्यात विचित्र प्रसंगही तो किती साध्या, सपाट वाक्यांत लिहितो.

सगळे चित्रपट बघून झाले की आम्ही एक सराव करतो, तो तुम्हीही करा. प्रत्येकानं कागदावर 'जणू' असलेलं एक वाक्य लिहायचं, स्वतःच्या आयुष्यातलं, खरं. कुणाला दाखवायचं नाही. मग 'जणू' खोडायचा आणि राहिलेलं घडतंय असं समजून पहिला प्रसंग लिहायचा, दहा ओळींत. वेळ किती, जागा कुठली, कोण काय म्हणालं. स्पष्टीकरण नाही.

त्या पावसाळी रात्री भिंतीकडं बघत बसलेला मित्र, सातपूरचा, त्यानं लिहिलं होतं, 'रात्रपाळी करून घरी येतो तेव्हा माझी जागा जणू दुसऱ्याच कुणी घेतलेली असते.' मग त्यानं 'जणू' खोडला. सकाळचे साडेसात. माणूस डबा हातात घेऊन दारात. आत त्याच्याच पाटावर, त्याच्याच बनियनमध्ये, दुसरा एक माणूस पोहे खातोय. पोरगी त्याच्याकडून वेणी घालून घेतेय. बायको स्वयंपाकघरातून डोकावते, दारातल्या माणसाकडं बघते आणि म्हणते, "या ना, बसा. तुम्हालापण टाकते थोडे."